पैसे घेऊन दिलेली साक्ष

मक्तेदारीच्या खटल्यात अर्थतज्ज्ञाच्या साक्षीकडे लोक संशयाने बघतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतं असं नाही. दोन्ही पक्षांना नामांकित प्राध्यापक मिळतात, दोघेही भरपूर फी घेतात आणि दोघांची उत्तरं आपापल्या अशिलाच्या सोयीची निघतात. तरीही या कामाचा कस मी उत्तरावर लावत नाही. तुलना कशाची कशाशी केली, आणि ती विरुद्ध पक्षाला सुटी करून तपासता येते का, एवढंच बघतो. १९५६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ड्यू पाँ कंपनी सुटली ती बाजाराच्या हद्दीवर. देशात खपणाऱ्या सेलोफेनपैकी जवळजवळ ७५ टक्के माल तिचा होता. पण मेणकागद, फॉइल वगैरे सगळी लवचिक वेष्टनं एकत्र धरली की तिचा वाटा २० टक्क्यांच्याही खाली जायचा. भाव वाढला की गिऱ्हाईक दुसऱ्या वेष्टनाकडे वळतं, म्हणून बाजार एकच, असा युक्तिवाद होता. मेख अशी की मक्तेदार भाव चढवतच नेतो तो गिऱ्हाईक पळू लागेपर्यंत. म्हणजे आधीच चढलेला भाव साक्षीला उभा करून मक्तेदारी नसल्याचं सिद्ध करायचं!

याच्या उलट, चांगली तुलना काय करू शकते हे १९९७ च्या स्टेपल्स खटल्यात दिसतं. स्टेपल्स आणि ऑफिस डेपो या स्टेशनरीच्या दोन अवाढव्य साखळ्यांना एक व्हायचं होतं. कागद-पेनांच्या एकूण विक्रीत आमचा वाटा मिळून जेमतेम साडेपाच टक्के, असं त्या म्हणत. सरकारी बाजूने त्या टक्केवारीवर फार वेळ घालवला नाही. स्टेपल्सचेच निरनिराळ्या शहरांतले भाव शेजारी-शेजारी मांडले. जिथे अशा प्रकारचं मोठं दुकान फक्त तिचं होतं, तिथले भाव या दोन आणि तिसरी एक प्रतिस्पर्धी साखळी अशा तिन्ही असलेल्या शहरांपेक्षा १३ टक्क्यांनी चढे होते. तेच पेन, तोच कागद, तीच कंपनी. मग ऑर्ली ॲशनफेल्टर आणि जेरी हाउसमन हे दोन अर्थतज्ज्ञ एकाच माहितीवर भांडले: स्पर्धक त्याच शहरात असला म्हणजे पुरे, की दुकानापासूनचं अंतर मोजायचं? कॅलिफोर्नियातली दुकानं धरायची की वगळायची? निवड बदलली की उत्तरही बदलत होतं. पण वाद नेमका कुठे आहे ते न्यायाधीशांना दिसत होतं. विलीनीकरण थांबलं. (विलीनीकरणातून वाचणाऱ्या खर्चापैकी दोन-तृतीयांश गिऱ्हाइकाला देऊ, हा कंपनीचा दावाही टिकला नाही; तोवर तिने अशा बचतीपैकी जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास दिले होते.)

फीचा आक्षेप उरतोच. पैसे देणाऱ्याचं पारडं नकळत जड होतं, हे मी नाकारत नाही. मात्र तज्ज्ञाच्या पायात आणखी एक बेडी असते: त्याने आजवर छापलेलं सगळं. १९९९ च्या जानेवारीत मक्तेदारीच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या बाजूने साक्ष देणाऱ्या अर्थतज्ज्ञ रिचर्ड श्मालेन्सींसमोर सरकारी वकील डेव्हिड बॉइस यांनी त्यांचाच १९८२ चा लेख ठेवला. दीर्घकाळ टिकणारा भरमसाट नफा हे बाजारावरच्या पकडीचं लक्षण, असं त्यात होतं. आपण तेव्हा काय विचार करत होतो कोण जाणे, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. पगारी साक्षीदाराची अशी फजिती उघड न्यायालयात होते, म्हणूनच ती उपयोगी.

मग कोर्टानेच आपला तटस्थ अर्थतज्ज्ञ का नेमू नये? सूचना रास्त वाटते, आणि ती करूनही झाली आहे. युनायटेड शू मशिनरीच्या खटल्यात न्यायाधीश वायझान्स्की यांनी कार्ल केसन या अर्थशास्त्रज्ञाला आपला सहायक म्हणून घेतलं. केसन दोन्ही पक्षांपैकी कोणाचा पैसा घेत नव्हते, विद्वानही होते. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते कधीच उभे राहिले नाहीत. न्यायाधीशांना त्यांनी काय समजावलं, कोणती तुलना योग्य ठरवली आणि कोणती बाजूला सारली, यावर दोन्हीकडच्या वकिलांना एकही प्रश्न विचारता आला नाही.