एमबीए झाल्यावर माणूस काय होतो?

मास्तर, तलाठी, कंडक्टर, फौजदार, इंजिनिअर, डॉक्टर. आमच्या नांदूरघाटात (तालुका केज, जिल्हा बीड) शिक्षणाचं शेवटचं टोक असं एका शब्दात सांगता आलं पाहिजे. डीएड केलं की मास्तर, भरती मारली की पोलीस. एमबीएचं घोडं इथंच अडतं. "बाबा, हे एमबीए झाल्यावर माणूस काय व्हतो?" असं मला गावातल्या एका माउलीनं विचारलं तेव्हा आयटीत सहा वर्षं काढूनही पटकन उत्तर देता आलं नाही. मॅनेजर म्हणावं, तर तिच्या ओळखीचा मॅनेजर एकच, बँकेतला. तो कर्ज नाही म्हणतो. पोरगं दोन वर्षं खर्च करून तसलं होणार, यात तिला काही राम वाटेना :-)

तिचा मुलगा पुण्यात एका विद्यापीठाच्या एमबीए विभागात होता. बीकॉम गावाकडूनच केलेलं. सीईटीला दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, सगळे इंग्रजीतून. तेही त्यानं क्लास न लावता काढलं, कारण निगेटिव्ह मार्किंग नसतं हे त्याला बरोबर कळलं होतं. आईबाप ऊसतोडीला जातात. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. शहरातल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ते "ओह, फर्स्ट जनरेशन लर्नर" म्हणतात आणि विषय संपवतात. शब्द सापडला की माणूस सापडल्यासारखं वाटतं, त्यातला प्रकार.

मी स्वतः या व्याख्येत बसत नाही, हे आधीच सांगतो. माझे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर. इंजिनिअरिंगला जाताना मला वाटायचं की मी फार मोठा संघर्ष करतोय, पण या मुलाकडे पाहिल्यावर एका पगारपत्रकाने किती फरक पडतो ते कळलं. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, नॉन क्रिमीलेयर आणि जात पडताळणी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, फॉर्मवर 'पालकाची सही' म्हणजे नक्की कुठे, अर्ज फेटाळला तर साहेबांना परत जाऊन विचारता येतं, हे सगळं आमच्या घरात कुणालातरी माहीत होतं. त्याच्या घरात ते माहीत असणारा तो एकटाच, आणि तेही ठेचा खात शिकलेला.

खरं तर मराठवाड्यात हे काही आश्चर्य नाही. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झालं. त्याआधी आमच्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं ते १९५०चं. म्हणजे ज्यांचे आजोबा पदवीधर आहेत अशी घरं आमच्याकडे मोजकीच असणार. जवळजवळ प्रत्येक घराण्यात कुणीतरी 'पहिला' अजून जिवंत आहे, किंवा आत्ता कुठल्यातरी हॉस्टेलवर कपडे वाळत घालतोय.

असो. तर माझे शनिवार. दोनेक वर्षांपासून आम्ही चारपाच जण (सगळे केज-अंबाजोगाईकडचे, सगळे आयटीतले) शनिवारी दुपारी माझ्या फ्लॅटवर जमतो आणि एमबीए करणारी आमच्याकडची पोरं-पोरी येतात. संस्था नाही, नाव नाही, पावती पुस्तक नाही. मोठं काम करणारे लोक आहेत. राजू केंद्रे यांनी २०१७ साली यवतमाळला सुरू केलेल्या एकलव्यचं काम बघा, पहिल्या पिढीतल्या मुलांना नामांकित विद्यापीठांत पोहोचवण्याचं. आमचं काम त्यानंतरचं आणि अगदीच किरकोळ: पोहोचलेल्याने टिकायचं कसं.

अँथनी जॅक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं 'द प्रिव्हिलेज्ड पुअर' हे पुस्तक २०१९ साली आलं. त्यात एका श्रीमंत विद्यापीठातल्या गरीब मुलांचा अभ्यास आहे. सुट्टीत सगळी मुलं फिरायला जातात असं गृहीत धरून विद्यापीठ खानावळी बंद ठेवायचं, आणि ज्यांच्याकडे घरी जायचं भाडं नाही ती मुलं उपाशी. वाचताना मला हसूच आलं. पुण्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे ज्याला माहीत नाही त्याने पुण्यात शिक्षण घेतलेलंच नाही! रविवारी रात्री कोण काय खातो यावरून कुणाच्या घरून किती पैसे येतात ते अचूक सांगता येतं. जॅक आणखी एक गोष्ट सांगतो. प्राध्यापकांना ठरलेल्या वेळात जाऊन भेटायचं असतं, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमचा पठ्ठ्या पहिलं सत्रभर सरांच्या केबिनबाहेरून चपला न वाजवता जायचा. त्याच्या मते सरांकडे दोनच कारणांनी जातात, चूक झाली म्हणून किंवा सही पाहिजे म्हणून.

पण मला बोलायचंय ते केस स्टडीबद्दल. हार्वर्डची ही पद्धत. एका कंपनीची गोष्ट द्यायची, आकडे द्यायचे, आणि वर्गाने भांडायचं. पहिल्या सहा महिन्यांत त्याला आलेल्या केसेस विमान कंपनीच्या, कॉफीच्या दुकानांच्या, सुपरमार्केटच्या. वर्गातली मुलं अनुभवावर बोलायची, हा गप्प. एका शनिवारी खेळत्या भांडवलाचं काहीतरी चाललं होतं आणि त्याला ते बसत नव्हतं. मी म्हटलं, मुकादम उचल कशी देतो ते सांग. मग जो तो सुटला! कारखाना मुकादमाला आगाऊ पैसे देतो, मुकादम कोयत्याला (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला) देतो, हंगामभर ती उचल टनावारी फेडायची, नाही फिटली तर पुढच्या सालावर. कोयता मध्येच पळाला तर नुकसान कुणाचं, मुकादम आपली जोखीम कशी वसूल करतो, आजारपणात खाडा धरला तर हिशोब कसा फिरतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्के वाढले तेव्हा उचलीवर काय परिणाम व्हायला पाहिजे होता आणि त्याच्या टोळीत काय झाला, हेही. चौदाव्या वर्षापासून तो टोळीचा हिशोब लिहायचा, कारण टोळीत नीट लिहितावाचता येणारा तोच. खेपा, काट्याच्या पावत्या, कपात, सगळं एका दोनशे पानी वहीत.

यातलं एक अक्षर त्याच्या बायोडेटात नव्हतं. वडिलांचा व्यवसाय: शेती. अनुभव: निरंक.

मग आमच्यातच वाद झाला. एक मित्र म्हणाला, सगळं लिही, एचआरवाल्यांना संघर्षाची कहाणी आवडते. मला ते मुळीच पटत नाही. मुलाखतीत आईच्या हाताचे घट्टे दाखवून नोकरी मागायला लावणं हा एक प्रकारचा बाजारच आहे, आणि ज्याच्या वडिलांचं दुकान आहे त्याला कुणी ते करायला लावत नाही. पण हिशोबाचं काम हे काम आहे. शेवटी त्यानंच ठरवलं. आईबापांबद्दल काही लिहायचं नाही, पण 'ऊसतोड टोळीचा हंगामी हिशोब, चार हंगाम' ही ओळ अनुभवात टाकायची. त्यावर कुणी विचारलं तर दहा मिनिटं बोलायची तयारी. ती दहा मिनिटं आम्ही इंग्रजीतून इतक्या वेळा घोटून घेतली की 'मुकादम'ला इंग्रजी शब्द शोधण्यात एक अख्खा शनिवार गेला. सापडला नाही. मुकादमच ठेवला.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागली. मुंबईत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, कंपनी चांगली, पण स्टायपेंड शेवटी एकरकमी मिळणार. म्हणजे दोन महिने मुंबईत राहायचं-खायचं स्वतःच्या खिशातून. ज्याने कुणी हा नियम केला त्याच्या घरी पैशाची अडचण कधी आलीच नसावी. पोरानं आम्हाला न सांगता नकार कळवायचं ठरवलं होतं, आणि पोलीस भरतीचा फॉर्मही बघून ठेवला होता. रूममेटनं सांगितलं म्हणून कळलं. आम्ही भाड्याचे आणि जेवणाचे पैसे काढले आणि त्याला बोलावलं.

तो बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, ही उचल हाय का?"

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या घरात आगाऊ आलेला प्रत्येक पैसा कुणाच्यातरी अंगावर फेडलेला आहे. घेतल्यावर किती हंगाम लागतील, हे त्याला आधी माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, उचल नाही, कारण मुकादम नाही. स्टायपेंड आला की मुद्दल परत दे, म्हणजे पुढच्याला देता येईल. व्याज नाही. नाही जमलं तर पुढच्या साली बघू. त्यानं तिथंच एका कागदावर तारीख घालून लिहिलं, सही केली आणि मलाही करायला लावली. हिशोबनीस शेवटी! ऑगस्टमध्ये पैसे परत आले, तेही आठवडाभर आधी.

आता तो पुण्यात एका कंपनीत आहे, मालाच्या वाहतुकीचं नियोजन बघतो. त्याच्या माईला मी हल्ली सांगतो की तो 'कारखान्याच्या गाड्या वेळेवर लावतो'. हे तिला लगेच कळतं, आणि ते फारसं चूकही नाही. गाडी वेळेवर आली नाही की तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजन घटतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

परतफेडीच्या पैशांतून आम्ही प्लेसमेंटसाठी तीन ब्लेझर घेतलेत. माझ्या कपाटात टांगलेले असतात, मुलाखतीच्या आदल्या दिवशी घेऊन जायचे, नंतर ड्रायक्लीन करून आणून द्यायचे. एकाच्या खिशात परवा कुणाचंतरी एसटीचं तिकीट सापडलं, केज ते स्वारगेट. यंदा मात्र पंचाईत झालीय. शनिवारी येणाऱ्यांत तीन मुली आहेत, एक धारूरची, दोघी केजच्या, आणि आमचे तिन्ही ब्लेझर पुरुषी मापाचे, खांद्यातून घसरणारे. मुलाखती पुढच्या महिन्यात सुरू होतील. कुणाच्या बहिणीचा, बायकोचा, कपाटात नुसताच लटकणारा काळा किंवा निळा ब्लेझर असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.