दासगावचं बंदर

परवा सावित्रीच्या काठाने चालताना वाट एका कुंपणापाशी संपली. पलीकडे पाणी दिसत होतं, पण होडी लावून माणूस वर येणार कुठून?

मला दासगाव आठवलं. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरले. मोटारवाल्यांनी नाकारलं, तरी तिथून महाड पायी गाठता येत होतं. परिषदेच्या मांडवाला महाडात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. शाळेत हे नाव मला कुणी सांगितलं नाही.

तळं सर्वांचं आहे हे सांगायला आलेली माणसं आधी एका मोकळ्या बंदरावर उतरली होती. म्हणून ते कुंपण मला खुपतं.