तेहतीस नंबरचा माणूस

मायकल जॉर्डन किती मोठा, यावर वाद घालायची माझी छाती नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ‘द लास्ट डान्स’ आली तेव्हा सगळ्यांसारखी मीही अधाशासारखी पाहिली. पण नंतर डोक्यात राहिला तो २३ नंबर नव्हे, ३३ नंबर. स्कॉटी पिपेन.

गडी आर्कान्सामधल्या हॅम्बर्ग नावाच्या छोट्या गावचा, बारा भावंडांत धाकटा. कॉलेजात शिरला तो टीमचं सामान सांभाळत. १९८७ मध्ये शिकागो बुल्समध्ये आला.

आता साधा हिशोब बघा. पिपेन यायच्या आधीच्या तीन सीझनमध्ये जॉर्डनचे बुल्स प्लेऑफचे दहा सामने खेळले आणि जिंकले फक्त एक. पिपेनशिवाय जॉर्डनने प्लेऑफची एकही सिरीज कधीच जिंकली नाही. दोघं मिळून १९९१ ते १९९८ मध्ये सहा चँपियनशिप. फायनल्सचा एमव्हीपी? सहाही वेळा जॉर्डन.

पिपेन काय करायचा? बॉल वर घेऊन यायचा, पास द्यायचा, आणि समोरच्या टीमचा सगळ्यात डोकेदुखी माणूस अंगावर घ्यायचा. १९९१ च्या फायनलमध्ये बुल्स पहिला सामना हरले. मग पिपेनला मॅजिक जॉन्सनच्या मागे लावलं आणि पुढचे चारही सामने जिंकले. अडवलेला पास स्कोअरकार्डात कुठे दिसतो?

मग जॉर्डन रिटायर झाला. आदल्या सीझनला बुल्सनी ५७ सामने जिंकले होते, १९९३-९४ मध्ये त्याच्याशिवाय ५५. पॉइंट, असिस्ट, स्टील, सगळ्यांत टीममध्ये पहिला पिपेन.

म्हणजे जॉर्डनची किंमत दोन सामने? छे! तसं म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा. त्या वर्षी टोनी कुकोच नवीन आला होता, ग्रँट आणि आर्मस्ट्राँग ऑल-स्टार झाले. पुढच्या वर्षी ग्रँट गेला आणि जॉर्डन परत येईपर्यंत टीम ३४-३१ वर रखडली होती. पिपेनलाही माणसं लागत होतीच. माझा मुद्दा तोच आहे.

आणि हो, ते १.८ सेकंद. १९९४, न्यूयॉर्कविरुद्धचा तिसरा सामना. शेवटचा शॉट कोचने कुकोचला दिला म्हणून हा पठ्ठ्या रुसून बेंचवरून उठलाच नाही. कुकोचने शॉट मारला, सामना जिंकला. चुकलंच त्याचं. पण आयुष्यभर दुसऱ्यासाठी पास दिलेला माणूस एकदा ‘आता तरी माझी पाळी’ म्हणाला, तर मला त्याचा राग कमी येतो आणि वाईट जास्त वाटतं. तेच पगाराचं. घरी वडील आणि एक भाऊ व्हीलचेअरवर पाहिलेले, म्हणून १९९१ मध्ये सुरक्षित असा लांबलचक करार केला. परिणाम, १९९७-९८ मध्ये लीगमध्ये पगारात १२२ वा.

बरं, त्याला मान मिळाला नाही असंही नाही. २०१० मध्ये हॉल ऑफ फेम झालं. खुपतं ते आपलं वाक्य. आपण ‘जॉर्डनने सहा जिंकल्या’ म्हणतो आणि पिपेन ‘सोबत होता’. जॉर्डनएवढा मोठा म्हणा असं नाही, पण त्या वाक्याचा कर्ता दोघांना करा की.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजचा डेमो मी दिला होता. आदल्या रात्री तीनपर्यंत बसून बिल्ड उभं करणारा दुसराच होता. कौतुकाची मेल माझ्या नावाने आली, सगळे सीसीत. मी ‘थँक्स’ एवढंच लिहून पाठवलं. अप्रेझलमध्ये मला चांगलं रेटिंग, त्याला ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’. तो काही बोलला नाही. सहा महिन्यांनी कंपनी सोडून गेला.

एक ओळ जास्त टाइप करायला किती वेळ लागला असता? १.८ सेकंद नाही, पण दहा तरी पुरे होते.

त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे. आज करतोच फोन.