सर्वे नंबर किंवा गट नंबर

परभणी जिल्ह्यात जमिनीची नोंद शोधणारा प्रत्येक जण वेगळीच खूण घेऊन येतो. कुणाच्या जुन्या खरेदीखतावर सर्वे नंबर असतो, कुणाला एकत्रीकरणानंतरचा गट नंबर पाठ असतो, तर कुणाला आजोबांच्या नावापलीकडे काही ठाऊक नसतं. अशा नोंदींवर काम करणाऱ्या प्रोग्रामरच्या क्वेरीत ‘ऑर’ पहिल्याच दिवशी शिरतो. चार-दोन हजार नोंदींवर तो निमूट चालतो. नोंदी लाखोंवर गेल्या की क्वेरी रेंगाळते आणि सगळं खापर ‘ऑर’वर फुटतं.

‘ऑर’चा स्वभाव मुळात ‘अँड’च्या उलटा. तालुका जिंतूर ‘अँड’ गट नंबर 112 असं विचारलं, तर गट नंबरवरचा एक इंडेक्स पुरतो. त्यातून हाती आलेल्या मोजक्या नोंदींचा तालुका तपासला की झालं. पण सर्वे नंबर 45 ‘ऑर’ गट नंबर 112 असं विचारलं आणि इंडेक्स फक्त सर्वे नंबरवर असला, तर गट 112 साठी अख्खं टेबल वाचावंच लागतं. मग असलेला इंडेक्सही वाया जातो. दोन्ही कॉलमांचा एक जोड-इंडेक्स करूनही भागत नाही, कारण तो आधी सर्वे नंबरच्या क्रमाने लागलेला असतो. ‘ऑर’च्या प्रत्येक बाजूला तिचा स्वतःचा इंडेक्स लागतो.

तसे दोन इंडेक्स असले, की पोस्टग्रेस हा डेटाबेस दोन्हींतून नोंदींच्या जागा गोळा करतो, त्यांचा एक बिटमॅप करतो आणि टेबलाची तेवढीच पानं क्रमाने वाचतो. दोन्ही अटींत बसणारी नोंद त्यामुळे एकदाच येते. ही सोय 2005 मध्ये, 8.1 आवृत्तीत आली. मायएसक्यूएलच्या 5.0 आवृत्तीतला इंडेक्स मर्जही त्याच वर्षीचा.

तरीही क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर कधीकधी दोन्ही इंडेक्स बाजूला सारतो, आणि पुष्कळदा त्याचंच बरोबर असतं. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये क्रमाने वाचलेल्या पानाची किंमत 1, तर इकडून तिकडून उचललेल्या पानाची 4 धरलेली असते. अटीत बसणाऱ्या नोंदी फार असतील, तर सरळ सगळं टेबल वाचणंच स्वस्त. गोची होते ती अंदाजात. दोन अटींत प्रत्येकी दहा टक्के नोंदी बसत असतील, तर त्या अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरून प्लॅनर एकोणीस टक्के मोजतो. पण एखाद्या गावात दोन्ही अटी त्याच त्या नोंदींवर पडत असतील, तर खरा आकडा दहाच. असं कॉलमांमधलं नातं सांगणारी विस्तारित आकडेवारी 10 व्या आवृत्तीत आली. ‘ऑर’च्या अटींसाठी ती 13 व्यापासून वापरता येते.

‘ऑर’ एकाच कॉलमातही लागतो. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. 1991, 2001 आणि 2011 च्या जनगणनांतले गावांचे कोडही एकसारखे नाहीत. वसमतकडच्या एखाद्या गावाचे सलग आकडे हवे असतील, तर एकाच कॉलमात हा कोड ‘ऑर’ तो कोड असं विचारावं लागतं. हे प्रकरण सोपं. जाणते लोक इथे ‘ऑर’ऐवजी ‘इन’ची यादी देत आले, कारण तिच्यासाठी एकच इंडेक्स एकाच फेरीत वापरता येतो. 2025 च्या सप्टेंबरात आलेली पोस्टग्रेसची 18 वी आवृत्ती असे ‘ऑर’ स्वतःच यादीत बदलते.

खरी कसोटी दोन टेबलांची. खातेदाराचं नाव एका टेबलात, फेरफार नंबर दुसऱ्यात आणि मधे ‘ऑर’. इथे जोडणी होईपर्यंत कुठलीच अट एकटीने नोंदी गाळू शकत नाही, म्हणून बिटमॅपही जुळत नाही. क्वेरीचे दोन तुकडे करून ते ‘युनियन’ने जोडले, की प्रत्येक तुकडा आपापला इंडेक्स धरतो. मात्र ‘युनियन ऑल’ लिहिलं तर दोन्हींत बसणारा खातेदार दोनदा दिसतो. आणि नुसतं ‘युनियन’ लिहून प्रायमरी की निवडली नाही, तर एकाच नावाचे दोन वेगळे खातेदार एक होऊन जातात. जमिनीच्या नोंदीत ही चूक संथ क्वेरीपेक्षा महागात पडते.

म्हणून नवा इंडेक्स टाकण्याआधी खऱ्या गावाचे खरे नंबर घालून ‘एक्सप्लेन अॅनालाइझ’ चालवावं, अंदाजाच्या आणि प्रत्यक्ष नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. आकड्यांत मोठी तफावत असेल, तर आधी आकडेवारी ताजी करावी. इंडेक्सचा विचार त्यानंतर.