भिंतीवरची रेघ

आमच्या सांगलीत पावसाळ्यात माणसे एकमेकांना "काय, बरं आहे ना?" असे विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" असे विचारतात. नवख्या माणसाला यातले काही कळायचे नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे, एवढाच त्याचा अर्थ. १९२९ साली झालेला हा पूल आमची मोजपट्टी आहे. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडले, हे इथे भाजीवाल्या मावशीसुद्धा तोंडपाठ सांगतात.

आमच्या पुराचे एक बरे आहे. तो डोंगरातल्या ओढ्यासारखा एकदम अंगावर येत नाही. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत मिळते आणि मग आमच्याकडे येते. वारणा हरिपूरला येऊन मिळते. खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा भरून आलेली असली, की इथले पाणी तुंबते. इंचाइंचाने चढते आणि उतरतानाही तितकेच रेंगाळते. म्हणजे आवराआवर करायला वेळ मिळतो. तो वेळ मी एकदा कसा घालवला, ते आज लिहायचे आहे. बरेच दिवस मनात होते, पण लिहायला हात होत नव्हता.

आमचे घर गावभागात, खालच्या बाजूला. रस्त्याकडची खोली एका शिंप्याला भाड्याने दिलेली होती. सगळे त्याला मास्तर म्हणत आणि मी शाळेतून निवृत्त झालेला, म्हणून मीही मास्तर! "एका घरात दोन मास्तर, पण कमावता एकच," असे आमची सौ. म्हणायची. तो मात्र मला सर म्हणे.

२००५ च्या पुरात आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. तेव्हा आमच्या घरात दोन फूट पाणी आले. ओसरल्यावर मी भिंतीवर त्या पातळीला पट्टी लावून निळ्या पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी साल लिहिले. छत्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेल्या माणसाची खोड, दुसरे काय! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती रेघ कौतुकाने दाखवत असे. पुढे पुढे ती दाखवताना आवाजात एक अधिकार येऊ लागला, हे माझ्या लक्षात आले नाही.

ऑगस्ट २०१९. श्रावण सुरू झालेला. मास्तरच्या दुकानात गौरी-गणपतीच्या शिलाईचे गठ्ठे पडलेले. लोकांच्या साड्या फॉल-पिकोला आलेल्या. पाणी चढायला लागले तसा तो माझ्याकडे आला.

"सर, टेम्पो बोलावलाय. मशीन आणि कापड विश्रामबागला मेव्हण्याकडे टाकतो."

मी त्याला भिंतीपाशी नेले. "हे बघा मास्तर, २००५ चं पाणी इथं. एवढा पूर पन्नास वर्षांत एकदा येतो. टेबलावर चढवून ठेवा सगळं. कशाला भाड्याचे पैसे घालवता?"

तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "सर म्हणताय म्हणजे झालं." आणि त्याने टेम्पो परत पाठवला.

मंडळी, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या घरात ते जवळजवळ सहा फूट होते. आम्ही दोघे वेळेत मुलीकडे मिरजेला गेलो होतो, मास्तरही मेव्हण्याकडे गेला. जीव वाचले, हे खरेच मोठे. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कितीतरी घरे उजाड झाली. त्यापुढे आमचे नुकसान ते काय!

तरीही पाणी ओसरल्यावर दुकानाचे दार उघडले, ते दृश्य जात नाही. दार फुगून बसलेले, खांदा लावून ढकलावे लागले. आत घोटाभर गाळ आणि तो वास. टेबल तरंगून आडवे झालेले. तिन्ही मशीन चिखलात. गठ्ठ्यांचा एक काळा लगदा झालेला. मास्तरने त्यातून एक साडी ओढून काढली, जरीच्या काठावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि पुन्हा खाली ठेवली.

मी काहीतरी बोलायला गेलो. तोच म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार सर? पाणीच तेवढं आलं."

तो रागावला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. मी काही महिने भाडे घेतले नाही. पण लोकांच्या साड्यांची भरपाई त्याने स्वतःच्या खिशातून केली, वर्षभर थोडी थोडी. टेम्पोचे भाडे त्याच्यापुढे किती होते?

पूर का आला यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. कोणी अलमट्टीकडे बोट दाखवले, कोणी कोयनेकडे. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात अतिवृष्टीबरोबर नदीच्या वाटेत झालेल्या बांधकामांकडेही लक्ष वेधले होते. मी सगळे कात्रण करून ठेवले आहे. पण माझा प्रश्न लहान आहे. पाणी हळू चढत होते, आमच्या हातात वेळ होता. तो वेळ धरणाने खाल्ला नाही, माझ्या रेघेने खाल्ला. नदी कुठवर आली होती एवढेच रेघ सांगत होती. यापुढे कुठवर येईल, हे मी माझ्या पदरचे जोडले.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले. या वेळी ३८ फुटांनाच मी स्वतः टेम्पो ठरवला. मास्तर म्हणाला, "सर, एवढी घाई?" मी म्हटले, "चला." पाणी ५५ फुटांच्या आसपास गेले आणि घरात कमरेपर्यंत आले. दुकान मात्र रिकामे होते.

दुसऱ्या वर्षी मास्तरने दुकान उंचावर, विश्रामबागेत हलवले. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने रेघांचे काय करायचे विचारले. मी तिन्ही रेघा ठेवायला सांगितल्या. २०१९ ची माझ्या डोक्याच्याही वर आहे. आता कोणी विचारले तर रेघ दाखवतो, पण पुढे काही सांगत नाही.

त्यानंतरही एखाद्या पावसाळ्यात पाणी इशाऱ्यापर्यंत येऊन जाते. मुलगी म्हणते, कायमचे मिरजेला या. सौ.ला आणि मला अजून ते जमलेले नाही. पण ३५ फूट झाले की फोन वाजतो. पलीकडून मास्तर असतो.

"सर, टेम्पो पाठवू का?"

मी भिंतीकडे न बघता "पाठवा" म्हणतो.