मुंबई ते जेद्दा

कोकणातल्या मुस्लिम घरांत जेद्दा हे नाव चिपळूण-महाडइतकंच सहज निघतं. कुणी हजला गेलेलं असतं, कुणी नोकरीला.

मी भूगोल शिकवतो, म्हणून आधी हिशेब मांडतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, जेद्दा साडेएकवीसच्या आसपास. रेखांशांत फरक सुमारे ३४ अंशांचा. या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०४ किलोमीटर. गुणाकार केला की साडेतीन हजार किलोमीटर येतात. विमान जाताना पाच-सव्वापाच तास घेतं. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे परतीच्या वाटेवर पाठीशी असतात, म्हणून येताना वेळ वाचतो. शिवाय तिथलं घड्याळ अडीच तास मागं. सकाळी दहाला निघालेला माणूस तिथल्या दुपारी पाऊण वाजता उतरतो.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, जहाजानं हजला गेले होते. आठ-दहा दिवस समुद्रावर. ते सांगायचे, डेकवर जमात व्हायची, जाणकार हाजी नवख्यांना अरकान समजावायचे. यलमलमची मीकात जवळ आल्याची खबर मिळाली की सगळे एहराम बांधून ‘लब्बैक’ म्हणू लागायचे. हज-यात्रेची जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. आता मीकातची सूचना विमानात होते आणि थोड्याच वेळात जेद्दा येतं. म्हाताऱ्या, आजारी माणसांचे हाल वाचले, ही मोठी नेमत आहे. पण मनाची तयारी व्हायला जो अवधी जहाज देत होतं, तो आता घरीच काढावा लागतो.

दादांचा इंतकाल झाला तेव्हा अब्बा जेद्दालाच नोकरीला होते. फोन लगेच लागला. विमानही रोज होतं. पण पासपोर्ट कफीलकडे, आणि देशाबाहेर पडायच्या व्हिसाला त्याची मंजुरी हवी. अब्बा अकराव्या दिवशी पोहोचले. मय्यत इतके दिवस ठेवता येत नाही. जनाजा त्यांच्याशिवाय उठला. अब्बा बॅग ओटीवर ठेवून तसेच कबरस्तानात गेले आणि फातिहा पढून मगरिबनंतर परतले. अम्मीनं काही विचारलं नाही. दादा जहाजानं जितक्या दिवसांत गेले, जवळपास तितकेच दिवस त्यांच्या मुलाला विमानाच्या जमान्यात यायला लागले.

मार्च २०२१ मध्ये सौदी सरकारनं नियम बदलले. खासगी कंपन्यांतल्या कामगारांना मालकाच्या मंजुरीशिवाय बाहेर पडण्याचा व्हिसा मागता येऊ लागला. घरकाम करणाऱ्या बाया, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ मात्र त्यातून वगळले गेले. आपल्या वस्त्यांतून जाणाऱ्यांत अशी कामं करणारेही असतात.

म्हणून गावातला कुणी निघाला की तिकीट केवढ्याला पडलं हे मी विचारत नाही. करारावर हुद्दा काय लिहिलाय ते वाचून दाखव, म्हणतो. घरी खबर गेली तर तो पाच तासांत येईल की अकरा दिवसांत, हे त्या एका शब्दावर ठरू शकतं.