जट, फणी आणि वर न जाणारा हात

वाचकहो, घरात म्हातारे मांजर असेल तर आपण हे पाहिले असेल. एके काळी दिवसभर अंग चाटून लख्ख राहणारे ते जनावर उतारवयात पाठीवर केसांचे गोळे घेऊन फिरू लागते. सांधे दुखतात, पाठ वळत नाही, जीभ तेथवर पोहोचत नाही. लांब केसांच्या कुत्र्यांतही कानांमागे व काखेत असे गुंते होतात. गुंता कातडी ओढत राहतो आणि त्याखाली ओल धरून जखम होते. त्याला आपण गुंताच म्हणतो. मांजराच्या अंगात देवी आली, असे कोणी म्हणत नाही.

बाईच्या डोक्यावर मात्र त्याच गुंत्याची जट होते. आपल्या सातारा-सांगली भागात ती यल्लम्माची खूण मानली जाते. तिला हळदकुंकू वाहतात, फणी लावत नाहीत आणि कापली तर देवी कोपेल या भयाने वर्षानुवर्षे ते ओझे वाहतात. पूर्वी जट आलेल्या मुलींना देवीला सोडले जाई. साताऱ्यात जन्मलेले आणि मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते आजही अशा स्त्रियांची समजूत घालून, त्यांच्या संमतीने जटा कापतात. हे भय केवळ आपल्याकडचे, असेही नव्हे. पोलंडमध्येही जट कापल्यास अंधत्व किंवा वेड येते, असे लोक मानीत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी ती अस्वच्छतेतून होते हे सांगत त्या समजुतीशी झुंज दिली.

केसाच्या पृष्ठभागावर माशासारखे बारीक खवले असतात. तेल-फणी थांबली, केस कोरडे झाले, की ते खवले एकमेकांत अडकतात. घाम, धूळ आणि उवांची लिखे त्यांना चिकटवतात. एवढेच तिचे रहस्य.

पंचाहत्तरीच्या एक आजी माझ्याकडे मानदुखीसाठी आल्या होत्या. डोक्यावरचा पदर काढायला तयार नव्हत्या. मी म्हणालो, “आजी, उजवा हात वर करा बघू.”

“न्हाई जात वर. लई वर्सं झाली.”

“आधी खांदा धरला की आधी जट आली?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खांदा.”

मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, आणि आजींना मधुमेह होता. फणी डोक्यापर्यंत जाईना, सांगायचा संकोच, आणि सून सासूच्या केसांना हात लावायला बिचकणारी. गुंता पक्का झाल्यावर त्याला देवीचे नाव मिळाले. “कापा,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण मंगळवारी नको.” आम्ही बुधवारी कापली. खाली उवा होत्या आणि दोन ओल्या जखमा. कापलेली जट त्यांनी पदरात बांधून नेली. मी काही बोललो नाही. ती त्यांची होती.

आपल्या घरी अंथरुणावर असलेले कोणी असेल तर उशीवर घासून डोक्याच्या मागच्या बाजूस असाच गुंता होतो. तो आठवड्यात एकदा तरी बोटांनी चाचपून पाहा. गुंता कोवळा असताना धुऊ नका. पाण्याने तो आणखी आवळतो. खोबरेल तेल भरपूर लावून थोडा वेळ मुरू द्या, मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सोडवत वर या. फार जुनी जट सुटत नाही, ती कापावीच लागते. कात्री आणि कातडी यांच्यामध्ये फणी ठेवून कापा, म्हणजे इजा होणार नाही. उवांसाठी रॉकेल कदापि लावू नका. जखमेतून पू किंवा दुर्गंधी येत असेल, अथवा मधुमेह असेल, तर कापण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

मात्र कात्री हाती घेण्यापूर्वी त्यांना विचारा. त्या झोपेत असताना कापून टाकण्याचा सल्ला शेजारपाजारचे देतील, तो ऐकू नका. संमतीला चार दिवस लागले तर लागू द्यावेत; तोवर हात किती वर जातो ते पाहा. आजींना मी भिंतीवर बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम दिला आहे. सध्या त्यांची बोटे कानाच्या उंचीपर्यंत जातात. केस सून विंचरते.